दुर्बिणीखालचा घोडा

एल्गिन इट्झनं फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर बहिणीच्या कामाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा व्हर्नाचं लक्ष आधी त्याच्या अंगठ्याकडे गेलं. नखामागची कातडी सोलवटून लोंबत होती. मग तिनं फडकं उलगडलं आणि तिला शिसारी आली.

रिव्हॉल्व्हर तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. एल्गिन रस्ते खात्यात नोकरीला लागला त्या वर्षी त्यानं ते घेतलं होतं, आणि तेव्हापासून त्याची साफसफाई, डागडुजी आधी वडिलांनी आणि नंतर व्हर्नानं बंदुका दुरुस्तीच्या याच शेडमध्ये केली होती. आता त्याच्यावर एक जाडजूड काळी दुर्बीण बसवलेली होती. पालीच्या पाठीवर दुसरी पाल चढून बसावी तशी.

"हे कुणी केलं?"

"जावयानं. कोल्बीनं. भोकं नीट पाडलीत की."

"डुकराच्या नाकात नथ घालायची तरी भोक नीटच पाडावं लागतं, एल्गिन."

एल्गिन हसला. धाकट्या बहिणीचं बोलणं त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. त्यानं अंगठा पुढं केला. "अडचण इथं आहे. घोडा ओढताच येत नाही. अंगठा अडकतो."

अडकणारच होता. दुर्बिणीचा मागचा भाग थेट घोड्याच्या, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या खटक्याच्या, डोक्यावर आला होता. घोड्याचं टोक अंगठ्यानं धरून मागं ओढायचं, तर वर बोट शिरायलाही जागा नाही. आणि हे रिव्हॉल्व्हर जुन्या तऱ्हेचं, दर गोळीला घोडा हातानं चढवावा लागणारं.

"कोल्बी म्हणाला, टोक ग्राइंडरवर उडवून टाकतो. मी म्हटलं, हात लावू नकोस. व्हर्ना बघेल."

"एवढी तरी अक्कल शिल्लक आहे म्हणायची. दुर्बीणच हवी होती तर रायफल घ्यायची. तुझी ती जुनी काय वाईट आहे?"

"खांद्याची दोन ऑपरेशनं झालीत माझ्या. रायफलीचा एक धक्का बसला की आठवडाभर शर्ट घालता येत नाही." एल्गिन स्टुलावर बसला. "आणि नेम धरायची माशी दिसत नाही मला, व्हर्ना. नळीच्या टोकाला तीन माश्या दिसतात. त्यातली खरी कुठली, ते गोळी सुटल्यावर कळतं."

त्याचे डोळे अधू झाल्याचं तिला माहीत होतं. चर्चमध्ये तो प्रार्थनेचं पुस्तक उघडून धरायचा आणि सगळं पाठ म्हणायचा, हेही तिनं पाहिलं होतं. पण त्यानं स्वतःच्या तोंडानं हे पहिल्यांदाच सांगितलं.

"ठेवून जा," ती म्हणाली.

काम तिला वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. मूळ घोडा तिला तोडायचा नव्हता. मोडीत निघालेल्या तसल्याच रिव्हॉल्व्हरांचे दोन घोडे तिच्या खोक्यात होते, त्यातला एक तिनं कामाला घेतला. त्याचं टोक खाली दाबून घेतलं आणि डाव्या अंगाला एक छोटी पट्टी काढली, कानासारखी बाहेर आलेली, म्हणजे दुर्बिणीच्या खालून, बाजूनंच अंगठा लागेल. दिसायला देखणा व्हावा म्हणून पहिल्या खेपेला तिनं तो फार घासला. घोडा इतका हलका झाला, की काडतुसावर नुसता टक् करून आपटायचा आणि गोळी उडायचीच नाही. स्वतःलाच चार शिव्या घालून तिनं तो फेकून दिला आणि दुसरा घेतला. या वेळी जरा ओबडधोबड ठेवला, पण वजन राखलं. पट्टीवर बारीक खाचा पाडल्या. एल्गिनचा अंगठा रोडरोलरच्या कामात कधीचा आखडलेला, म्हणून पट्टी थोडी मागं वळवली. तो ज्या कोनात अंगठा वाकवू शकतो, तो कोन तिला न विचारता ठाऊक होता.

रविवारी चर्चनंतर ती त्याला घेऊन लानो नदीच्या कोरड्या पात्रात गेली. पलीकडच्या दरडीशी एक लोखंडी पत्रा टांगला. एल्गिन पिकअपच्या मागच्या फळीवर बसला, गुडघ्यावर वाळूची पिशवी घेतली आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ तो काहीच करेना.

"झोपलास का?"

"थांब. बघू दे." त्याचा आवाज बदलला होता. "पत्र्याला कडा आहे गं."

"सगळ्या पत्र्यांना असते."

"असेल. मला वर्ष झालं, कशालाच कडा दिसली नाही."

त्यानं अंगठा पट्टीवर ठेवला, घोडा अलगद मागं आला, आणि पत्रा ठणकन वाजला. पुन्हा वाजला. एल्गिन मोठ्यानं हसत सुटला. आई गेल्यापासून व्हर्नानं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तीही हसली. आपल्या हातून काहीतरी चांगलं काम झालं, असं तिला त्या दिवशी मनापासून वाटलं.

"आता नेणार कुठं हे?" परत येताना तिनं विचारलं.

"कोल्बी ज्या रँचवर काम करतो ना, तिथं. माझ्या सत्तरीची भेट म्हणून त्यानं एक काळवीट ठरवून दिलंय. तूही ये."

ती रँच सगळ्यांनाच बाहेरून ठाऊक होती. हमरस्त्यानं जाताना कितीतरी वेळ उजवीकडे तिचं कुंपण पळत राहायचं, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी हात वर न पोचणारं तारेचं कुंपण. मालक ह्यूस्टनला राहायचा. आत चितळ, नीलगायी, काळविटं, आणखी कुठकुठली जनावरं आणून सोडलेली, पैसे भरून येणाऱ्यांना शिकारीसाठी. व्हर्नाला ते कुंपण कधीच आवडलं नव्हतं. पण आत मोप झाडी आहे, जनावराला लपायला, पळायला जागा आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. भावाचं हसणं कानात ताजं होतं.

नोव्हेंबरातल्या एका थंड सकाळी कोल्बीनं त्यांना फाटकावर घेतलं. तो मोठ्या बांध्याचा, सतत काहीतरी चघळणारा, स्वभावानं तसा वाईट नसलेला माणूस. बायकोच्या आत्याला तो आत्याच म्हणायचा.

"आत्या, तुमचा घोडा बघितला मी. आमच्या गिऱ्हाइकांना दाखवला तर वेडे होतील."

व्हर्ना पुढं चालू लागली.

शिकारीचं लपण म्हणजे खांबांवर उभी केलेली हिरव्या प्लॅस्टिकची खोली होती. चढायला शिडी नव्हती, उतार होता, कठड्यासकट. आत गालिचा, चाकांच्या तीन खुर्च्या, एक शेगडी, कोपऱ्यात छोटा फ्रिज. मोटारीत टांगतात तसलं सुगंधी कागदाचं झाड खिळ्याला टांगलेलं. त्या गोड वासानं व्हर्नानं नाकाला रुमाल लावला. समोर खिडकी, खिडकीला हात टेकायला गादीची पट्टी, आणि दगड मारला तर पोचेल इतक्या अंतरावर तीन पायांवर उभं केलेलं मक्याचं पिंप. त्याच्या भोवतीची जमीन खुरांनी तुडवून पार बोडकी झालेली.

"एवढ्या जवळून?" ती म्हणाली. "मग दुर्बीण कशाला हवी होती?"

"फोटोत छान दिसते," कोल्बी म्हणाला आणि त्यानं किल्लीचं बटण दाबलं. खाली उभ्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला.

"हॉर्न कशाला वाजवतोस? सगळी पळतील की."

"पळतील कशाला? हॉर्न म्हणजे मका. सगळीच येतात. पँचो सगळ्यात आधी."

"पँचो कोण?"

कोल्बीचं चघळणं थांबलं. "आपलं हेच. नावं ठेवतात ना इथले लोक. मॅनेजरच्या बायकोनं बाटलीवर वाढवलेलं आहे ते. आता म्हातारं झालं, माद्यांच्या कामाचं राहिलं नाही. शिंगं मात्र बघा, पीळ मोजत बसाल."

व्हर्नानं भावाकडे बघितलं. तो खुर्चीत पुढं वाकून दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा कान आणि मान लाल झाली होती, पण तो वळला नाही. त्याला हे आधीपासून माहीत होतं, हे तिला त्या लाल मानेवरून कळलं.

"एल्गिन."

"बोलू नकोस, व्हर्ना," तो हळूच म्हणाला. "आता नको."

काळवीट झाडीतून चालत आलं. पाठ काळीभोर, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. रानातलं जनावर उघड्यावर येताना दर चार पावलांना थबकतं, नाक वर करतं. हे एखाद्या गोठ्यातल्या गाईसारखं निवांत आलं. डाव्या कानात एक भोक होतं, त्याच्या कडा ताज्या आणि ओल्या होत्या. बिल्ला त्याच सकाळी काढला असणार, फोटोत येऊ नये म्हणून. ते मका खायला लागलं.

एल्गिननं घोडा चढवला. गोळी सुटली.

काळवीट हिसका बसल्यासारखं हललं, दोन-चार पावलं गेलं आणि मागचे पाय फाकून उभं राहिलं. गोळी पोटात, मागं लागली होती. व्हर्नानं आयुष्यभर जनावरं मारलेली, सोललेली होती. रक्ताचं तिला काही वाटत नसे. पण पुढं जे झालं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. काळविटानं मान वळवून लपणाकडे बघितलं. मग ते परत फिरलं, मक्यापाशी आलं आणि खाली मान घालून खायला लागलं. पोटाच्या भोकातून पिवळट चोथा गळत होता आणि वरून तोंड चघळत होतं.

"आणखी एक, पपा," कोल्बी म्हणाला. "डोक्यात नको. मानेतही नको. ते भिंतीवर लावायचंय. खांद्याच्या मागं घ्या."

एल्गिनचा अंगठा पट्टीवर गेला. घोडा लोण्यातून आल्यासारखा मागं आला. ती पट्टी आपण किती जपून वळवली होती, ते व्हर्नाला आठवलं आणि स्वतःच्याच हातांची किळस आली. दुसरी गोळी मातीत गेली. काळविटानं आवाजापुरती मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

एल्गिननं दुर्बिणीवरून डोळा काढला. "दिसत नाही मला," तो म्हणाला. "हलतंय सगळं."

व्हर्नानं त्याच्या हातातून रिव्हॉल्व्हर काढून घेतलं आणि उतारावरून खाली गेली. वरून कोल्बी काहीतरी सांगत होता. ती जवळ गेली तरी काळवीट हललं नाही. उलट त्यानं नाक पुढं करून तिचा मोकळा हात हुंगला. ओठाला मक्याचा भुसा चिकटला होता. तिनं सवयीनं दुर्बिणीला डोळा लावला, तर आत नुसते काळे केस दिसले, धूसर. तिनं रिव्हॉल्व्हर खाली केलं, नळी कानामागं धरली, अंगठ्यानं घोडा चढवला आणि चाप ओढला.

कोल्बी धावत आला. "काय केलंत आत्या? कातडं फाटलं. आता टाके घालून घ्यावे लागतील."

"नाही तर ग्राइंडरवर घासून घे."

तो खुळ्यासारखा हसला आणि कामाला लागला. त्याच्याकडे एक पेटीच होती. ओल्या फडक्यानं त्यानं तोंडावरचं रक्त पुसलं. जीभ बाहेर आली होती ती बोटानं आत ढकलली आणि जबडा दाबून धरला. ओठावरचा मका झटकला. डोळ्यांवर पाण्याचा फवारा मारला, चमक यावी म्हणून. भोकाचा कान शिंगामागं वळवला. मग फाटलेली बाजू खाली करून पोटाखाली गवत सारलं आणि पपांना मागं गुडघ्यावर बसवलं.

"या ना आत्या. रिव्हॉल्व्हर तुम्हीच धरा. घोडा तुमचा आहे."

"मला नाही यायचं."

"एकच फोटो."

"कोल्बी, मी इथं उलटी केली तर ती फोटोत येईल."

एल्गिन हसऱ्या चेहऱ्यानं कॅमेऱ्याकडे बघत राहिला. कॅमेरा नक्की कुठं आहे ते त्याला दिसत नसावं. तो जरा भलतीकडेच बघत होता.

संध्याकाळी एल्गिनच्या घरी त्याची बायको नेल्डा हिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सॉसेज, आंबवलेला कोबी, बटाट्याचं सॅलड, मागून पीकन पाय, म्हणजे अक्रोडासारखे दाणे भरून भाजलेली गोड पेस्ट्री. फोनवरचा फोटो टेबलाभोवती फिरत होता आणि जो तो बोटानं मोठा करून शिंगं बघत होता.

"काय सांगू," एल्गिन म्हणाला. "झाडीतून निघालं ते पळतच. नदीवर पत्रा टांगला होता त्याच्या दुप्पट लांब असेल. मला वाटलं, गेलं आता हातचं."

"आणि एका गोळीत?" शेजारच्यानं विचारलं.

"दोन लागल्या."

सगळे हसले. कोल्बी ताटात बघून खात होता. नेल्डानं व्हर्नाच्या ताटात सॉसेज वाढलं. व्हर्नानं काट्यानं ते दाबलं, आतून चरबी बाहेर आली, आणि तिनं ताट बाजूला सारलं. भाऊ खोटं बोलतोय याचं तिला इतकं वाईट वाटलं नाही. इतक्या सहज बोलतोय, याची तिला किळस आली. आणि आपणही गप्प बसलोय, नेल्डाचा मूड जाऊ नये म्हणून हसरा चेहरा करून बसलोय, याची त्याहून जास्त.

"पोट बरं नाही," असं सांगून ती लवकर निघाली.

पुढच्या आठवड्यात कोल्बी शेडमध्ये आला. बरोबर रँचवरच्या पाहुण्यांची रिव्हॉल्व्हरं होती, प्रत्येकावर तसलीच दुर्बीण. पपांसारखे घोडे करून हवेत, म्हणाला. घाई नाही, मागाल ते देतील.

"माझं हे काम बंद झालं."

"कधीपासून?"

"तुझ्या पँचोपासून."

"आत्या, तुम्ही फार मनाला लावून घेता. ते जनावर तसंही विकलंच जाणार होतं. तुम्ही कोंबडी खाताच ना?"

"खाते. तिच्याबरोबर फोटो नाही काढत. उचल हे सगळं."

त्यानं उचललं. नंतर कळलं की शेजारच्या तालुक्यातल्या कुणीतरी ते घोडे मशीनवर कापून दिले, आणि त्यातले निम्मे नीट उडतच नव्हते. तिला त्यातही काही समाधान वाटलं नाही.

व्हायचं तेच झालं. एल्गिनची मुलगी रुसली, नेल्डानं फोन करणं थांबवलं, आणि एका दुपारी एल्गिन स्वतः आला. हातात पांढऱ्या कागदात बांधलेलं एक पुडकं होतं. ते त्यानं टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसला.

"कोल्बीला हाकललंस म्हणे."

"हाकललं नाही. नाही म्हणाले."

"घरचा माणूस आहे तो."

"म्हणूनच नाही म्हणाले. बाहेरचा असता तर दुसरा शब्द वापरला असता."

एल्गिननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुला वाटतं मला काही कळलं नाही. चाकाच्या खुर्चीत बसलो तेव्हाच कळलं. हॉर्न वाजला तेव्हा तर उठून जावंसं वाटलं."

"मग?"

"मग काय? पोरीनं आणि जावयानं हौसेनं ठरवलेलं. तू बरोबर. आणि पुन्हा कधी जमलं नसतं. डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षी दुर्बिणीतूनही दिसायचं नाही."

"नदीवर जाऊन पत्रा वाजवायचा होता रोज. मी नेलं असतं."

"पत्र्याचा फोटो कोण बघतं, व्हर्ना?"

तिनं पुडकं बाजूला सारलं. शेडच्या पत्र्यावर पीकनची फळं पडल्याचा आवाज येत होता.

"आणि टेबलावर म्हणालास ते पळत होतं," ती शेवटी म्हणाली. "ते का?"

एल्गिननं टोपीची कड बोटांनी चाचपली. "पळायला हवं होतं त्यानं," तो म्हणाला. "मी सांगताना मला दिसतं तसं. पळतं. मग मला झोप लागते."

तिनं त्याला कॉफी दिली. त्यानं कप ठेवताना आधाराला तिच्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा तिनं हात काढून घेतला. मुद्दाम नाही, आपोआप निघाला. एल्गिनच्या ते लक्षात आलं. त्यानं टोपी डोक्यावर चढवली. दारातून गाडीपर्यंत जाताना तो जमिनीकडे बघत, पाय चाचपत गेला, आणि गाडीत त्याची मुलगी चालवायला बसली होती. ती व्हर्नाकडे न बघता गाडी वळवून निघून गेली.

पुडक्यात काळविटाचं सॉसेज होतं. नेल्डानं डुकराची चरबी घालून करवून घेतलेलं, सगळ्या नातेवाइकांना थोडं थोडं वाटलेलं. व्हर्ना ते हातात धरून कचऱ्याच्या डब्यापाशी गेली. झाकणही उघडलं. पण त्या जनावराशी जे झालं ते झालं, आता त्याला कचऱ्यात टाकणं तिच्यानं होईना. शेजाऱ्याच्या कुत्र्याला घालणंही होईना. तिनं झाकण लावलं.

त्या आठवड्यात ती रोज त्यातला एक तुकडा तव्यावर भाजून एकटी खात होती. मोहरी लावली, कांदा लावला, तरी त्याला मक्याचा गोडसर वास यायचा.  ती पाण्याबरोबर गिळायची, थांबायची, पुन्हा घास घ्यायची. शेवटचा तुकडा संपल्यावर तिनं तवा घासला, खिडकी उघडली आणि बाहेरच्या पायरीवर बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसली.